तीन गोळ्यांचे नाना

असुआनो गावात माणसाची किंमत गोळ्यांत करतात. ही रीत काही वाडवडिलांपासूनची नाही. नदीच्या धबधब्यापाशी काळी माशी चावते, तिच्यामुळे अंगात बारीक किडे होतात, खाज सुटते आणि खाजता खाजता एक दिवस डोळे जातात. त्यावर औषध निघालं, वर्षातून एकदा अख्ख्या गावाने ते गिळायचं ठरलं, तेव्हापासूनची ही गोष्ट. गावोगाव वजनकाटे कोण वाहून नेणार, म्हणून आरोग्य खात्याने एक रंगवलेली काठी पाठवली. काठीला टेकून अनवाणी उभं राहायचं. डोकं पिवळ्या पट्ट्यात आलं तर एक गोळी, हिरव्यात दोन, निळ्यात तीन आणि लाल पट्ट्याला पोचलं की चार. चारच्या वर काही नाही.

खात्याला ठरवायचं होतं औषधाचं प्रमाण. गावाने त्यातून लायकी ठरवून टाकली. सोयरिकीला आलेला मुलीचा मामा खाली बसायच्या आधी विचारू लागला, "मुलगा किती गोळ्यांचा?" ताडीच्या गुत्त्यावर भांडण पेटलं की "ए दोन गोळ्या, तू मध्ये बोलू नकोस," असा आवाज यायचा, आणि दोन गोळ्या खरोखरच गप्प बसायचा. चार गोळ्यांचा माणूस गावात छाती काढून चालायचा. त्यात त्याचं कर्तृत्व काय, हे विचारायची सोय नव्हती.

आणि या गावाचे राजे नाना ड्वोमो निळ्या पट्ट्यातले होते. 'होते' म्हणायचं ते अंदाजाने, कारण त्यांना कोणी मोजलंच नव्हतं. राजाचं उघडं पाऊल जमिनीला लागलं की गावावर अरिष्ट येतं. राजाने लोकांसमोर वहाणा काढल्या तर त्याचा अर्थ एकच, त्याने गादी सोडली. पहिल्या वर्षी खात्याचा एक तरणाबांड साहेब काठी घेऊन आला आणि भर सभेत म्हणाला, "आजोबा, चपला काढा." बायकांनी तोंडावर हात ठेवले. साहेबाला कोणीतरी बाजूला नेऊन समजावलं, आणि नानांच्या गोळ्या दरवर्षी पुडीत बांधून राजघरी पाठवायच्या असं ठरलं.

पुडी आली. नानांनी दार लावून ती उघडली. आत तीन गोळ्या. त्यांनी पुडी झटकली, उलटी केली, बोटाने कोपरे चाचपले. तीनच. त्यांच्या डोक्यावर छत्री धरणाऱ्या गड्याला चार. थोरली बहीण पोमा, म्हणजे इथल्या रीतीप्रमाणे गावाची राजमाता, तिला चार. पलीकडच्या घराण्यातला अफ्रिये, ज्याचा गादीवर डोळा होता, त्याला तर चार देऊनही काठी कमी पडली म्हणे. नानांनी निरोप धाडला, राजाला चार पाठवा. उत्तर आलं, नियम सगळ्यांना एकच.

तीन गिळण्यापेक्षा एकही न गिळलेली बरी, असं नानांनी ठरवलं. हा निर्णय त्यांना फार राजेशाही वाटला. गोळ्या त्यांनी कुटलेल्या याम कंदाच्या गोळ्यात दाबून अंगणातल्या मेंढ्याला घातल्या. दरवर्षी पुडी यायची, दरवर्षी मेंढा खायचा. त्या मेंढ्याच्या अंगावर गोचीड म्हणून राहिली नाही, लोकर अशी चकाकायची की पाहुणे नानांच्या आधी त्याची चौकशी करायचे. नाना मात्र कंबर खाजवत बसायचे.

मग डोळे अधू व्हायला लागले. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं धुरकट झालं, मग माणसं नुसती हलणारी सावली झाली. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण राजेपणाची रीतच अशी आहे की आंधळ्याच्या अंगाला ती शिवून घेतल्यासारखी बसावी. राजा चालतो तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसं असतात. राजा कोणाच्या हातून काही घेत नाही. राजा लोकांशी थेट बोलत नाही. तो ओचामेच्या कानात पुटपुटतो आणि ओचामे, म्हणजे राजाच्या वतीने बोलणारा माणूस, ते चारचौघांत सांगतो. नानांचा ओचामे म्हातारा फोकुओ होता. समोर कोण आलं हे तो आता हळूच नानांच्या कानात सांगायचा, आणि नाना बरोबर त्या दिशेला मान हलवायचे.

हे लपवावं लागायचं, कारण आंधळ्या माणसाला गादीवर बसता येत नाही. अफ्रियेला हे पाठ होतं. नानांनाही होतं.

त्या वर्षी गोळ्यांच्या आधी सेर्वा राजघरी आली. सेर्वा गावची शिंपीण. गळ्यात कायम टेप. माप घेताना ती कोणाचं ऐकत नाही, म्हणून सभेने गोळ्या वाटायला तिलाच निवडलं होतं.

"नाना, यंदा पुडी यायची नाही," ती म्हणाली. "यंदा सगळ्यांनी माझ्यादेखत गिळायच्या. तुम्हीसुद्धा."

नाना फोकुओच्या कानाला लागले. फोकुओने सोनेरी मुठीची काठी जमिनीवर टेकवली.

"नदीच्या या काठाचे धनी, ज्यांच्या सावलीत गाव झोपतं आणि ज्यांच्या खोकल्याने गाव जागं होतं, ते नाना विचारतात, की असं काय आभाळ कोसळलं, की इतक्या वर्षांची रीत एका शिंपिणीने उसवावी?"

नानांनी "का?" एवढंच विचारलं होतं.

"खात्याची माणसं येऊन गेली ना परवा. कातडीचे तिळाएवढे तुकडे काढून नेले. गावात किडे अजून आहेत. इतकी वर्षं गिळतोय आपण, शेजारच्या गावांचं संपत आलं, आपलंच तेवढं संपेना. साहेब म्हणाले, गावातलं कोणीतरी गोळ्या चुकवतंय. माशी त्याला चावते आणि मग आमच्या पोरांना येऊन चावते."

"मग शोध त्याला," नाना एकदम थेट बोलून गेले. फोकुओ दचकला. हे त्याचं काम होतं.

"शोधतेच आहे," सेर्वा म्हणाली आणि बघत राहिली. कोणाकडे बघत राहिली ते नानांना दिसलं नाही.

जाता जाता ती दारात थांबली. "आणि ज्याला कमी दिसायला लागलं असेल ना नाना, त्याने तर चुकवूच नये. गेलेलं परत येत नाही. पण उरलंय तेवढं राहतं."

ती गेल्यावर नाना अंगणाकडे तोंड करून बसले. उरलंय किती? अंगणातला उजेड कळत होता. सकाळी ऊन कुठल्या भिंतीवर आहे ते कळत होतं. फोकुओ हलला की कळत होतं. एवढ्याशा संसारावर माणूस किती दिवस राज्य करणार. तेही जाईल या विचाराने नानांना खरोखरची भीती वाटली. दोन घटकांनी दुसरी भीती आली. अख्खं गाव जमलंय, ते निळ्या पट्ट्याखाली उभे आहेत, आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. ही भीती पहिलीपेक्षा मोठी निघाली.

त्यांनी पोमाला बोलावणं धाडलं.

"गिळतो मी," ते म्हणाले. "पण वहाणा घालूनच मोजून घेईन. ती रीत आहे. अक्का, तू राजमाता आहेस, तुझा शब्द ती शिंपीण मोडणार नाही."

"आणि वहाणा धरून माप लाल पट्ट्यात जाईल?"

"वहाणांचं मी बघतो."

पोमाने त्यांच्या वहाणांकडे एकदा बघितलं. मग "बरं," म्हणाली आणि उठली.

सेर्वाने ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला, पण साहेबांना विचारून आली. एखादी गोळी जास्त गेल्याने काही बिघडत नाही, माणूस गिळतोय ते बघा, असं साहेब म्हणाले. मग चांभाराला राजघरी बोलावणं गेलं. वहाणांना एक तळ चढला, त्यावर दुसरा चढला, नानांनी उभं राहून पाहिलं आणि तिसरा मागितला. चांभाराच्या पोटात हसू मावत नव्हतं, पण राजाच्या पायाशी बसलेल्या माणसाने हसायचं नसतं, म्हणून त्याने तोंडात खिळे धरले.

गोळ्यांचा दिवस उजाडला. बाजाराच्या झाडाखाली काठी उभी होती. जेवून-खाऊन गाव जमलं. ढोल वाजले, मोठी छत्री गोल फिरत आली आणि तिच्याखाली नाना. एका बाजूला फोकुओ, दुसऱ्या बाजूला छत्रीवाला, मधे नाना, वहाणांच्या त्या तीन मजल्यांवरून पाऊल टाकत. प्रत्येक पाऊल जपून पडत होतं. लोकांना वाटलं, काय ही राजाची चाल.

नाना काठीला पाठ लावून उभे राहिले. सेर्वाने त्यांच्या डोक्यावर फळी टेकवली.

"लाल," ती म्हणाली.

गावाने जल्लोष केला. फोकुओने आपली सोनेरी मुठीची काठी उंचावली. "ऐका. ज्यांच्या उंचीपुढे खात्याची काठी खुजी पडते, ते आपले नाना चार गोळ्यांचे आहेत." नानांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकी वर्षं हा शब्द ऐकायला कान आसुसले होते. त्या घटकेला त्यांना डोळ्यांची आठवणसुद्धा नव्हती.

"घ्या नाना," सेर्वा म्हणाली. "आपल्या हाताने."

तिने तळहात पुढे केला. त्यावर चार पांढऱ्या गोळ्या. नानांनी आवाजाच्या रोखाने हात टाकला, राजाने टाकावा तसा, ऐटीत. तो तिच्या मनगटावर आदळला आणि गोळ्या खाली पडल्या.

"राहू दे, दुसऱ्या देते."

"नको," नाना घाईने म्हणाले. फोकुओ वाकायला लागला तसं त्यांनी त्याला हाताने मागे सारलं. मला काय दिसत नाही की काय, हे आता दाखवायलाच हवं होतं. आणि नाना स्वतः खाली वाकले. असुआनोत राजाला वाकताना कोणी पाहिलं नव्हतं. ढोल थांबले.

भर दुपार होती. तांबड्या मातीवर पांढऱ्या गोळ्या दहा पावलांवरून दिसत होत्या. नानांची बोटं मातीतून फिरली. एक गोळी सापडली. दुसरी सापडली. मग एक गोल गुळगुळीत खडा सापडला. मग अंड्याच्या कवचाचा तुकडा. नाना उभे राहिले, चारही जिन्नस एकदम तोंडात टाकले, पाण्याचा घोट घेतला, मान उंच केली आणि गिळले.

"चार," ते म्हणाले.

उरलेल्या दोन गोळ्या त्यांच्या वहाणेपाशी होत्या. एक कोंबडी आली आणि त्यातली एक उचलून निघून गेली.

आता बोलायचं ते फोकुओने. त्याने काठी टेकवली, तोंड उघडलं, आणि जन्मभर शब्दांचे बंगले बांधणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. राजाला त्याच्या तोंडावर खरं सांगायचा अधिकार गावात एकाच माणसाला आहे. पोमा पुढे आली.

"ड्वोमो, तू खडा गिळलास."

नाना तिच्या आवाजाकडे वळले. चेहऱ्यावरची राजेशाही अजून तशीच होती, उतरवायची राहिली होती.

"तुला कधीपासून माहीत होतं, अक्का?"

"वर्षभर तू माझ्या मोलकरणीला अक्का म्हणतोयस."

"मग बोलली का नाहीस?"

"राजाला आंधळा म्हणणारं पहिलं तोंड माझं नको होतं." तिचा आवाज चिरकला. "मीही तुझ्यासारखीच. मलाही लोकांचं भ्या."

गर्दीत अफ्रिये कुठेतरी होता, सगळ्यांच्या डोक्यांवरून त्याला सगळं दिसत असणार. मग नानांनी फोकुओच्या खांद्यावर हात ठेवला, एक पाय उचलला आणि वहाण काढली. मग दुसरी. बायकांमधून रडण्याचा एक बारीक सूर निघाला. माती तापलेली होती. गादीवर बसल्यापासून नानांच्या तळव्यांना मातीच लागली नव्हती, आता ती चांगलीच भाजली.

ते चाचपत काठीला टेकले. "मोज."

सेर्वाने फळी टेकवली. "निळा," ती हळू म्हणाली. "तीन."

"मोठ्याने."

"तीन."

नाना वाट बघत राहिले. ज्या हसण्याला भिऊन त्यांनी दोन्ही डोळे मोजून दिले होते, ते आता यायचं होतं. ते आलं नाही.

"हसा ना," नाना म्हणाले. "तीन गोळ्यांचा आहे मी. हसा की."

रांगेतून एक बाई बोलली. आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून तो जास्त लागला. "आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, नाना. तेवढं दिसतं की. आम्हाला डोळे आहेत."

नानांनी मूठ आवळली. सेर्वाने त्यांची मूठ उघडली, एक गोळी ठेवली आणि बोटं पुन्हा मिटवली.

"दोन पोटात गेल्यात. ही तिसरी."

त्यांनी ती गिळली. "किती वर्षं घ्यायच्या आता?"

"बरीच. दरवर्षी."

"आणि उरलंय ते राहील?"

"चुकवलं नाहीत तर राहील." तिने त्यांचा दंड धरला. "आता सरका पुढं, नाना. मागं रांग आहे."