मधलं तेवढं

पितळेचं अंगुस्तान बोटाच्या पहिल्या पेरावरच अडून बसलं. ते नेटानं खाली दाबायचं नाही असं ज्ञानदेवनं स्वतःला बजावलं — ते त्याच्या बोटासाठी नव्हतंच मुळी. भोसरीच्या कारखान्यात, सुपरवायझर जेवायला गेलेला बघून, त्यानं ते लेथवर उतरवलं होतं. कस्तुराच्या बोटाचं माप दोऱ्यानं घेतलेलं, आणि सुईची मागची बाजू घसरू नये म्हणून डोक्यावर बारीक बारीक खाचा. लोकं बायकोला अंगठी करतात, असं म्हणून ती हसली होती... पण मग रोज ते घालून बसायची, सुई हातात नसली तरीसुद्धा. आता तर्जनीत घालावं तर अडतं, करंगळीत घालावं तर गळून पडतं. त्यानं ते काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि उघड्या बोटानंच सुई रेटली.

चिंचवडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये महिला मंडळानं दोन दिवसांचं गोधडी शिबिर भरवलं होतं. नवशिक्यांनी यावं, असं फळ्यावर लिहिलेलं. बायकांनीच यावं असं काही लिहिलेलं नव्हतं, कारण ते लिहावं लागेल असं मंडळाला कुठं ठाऊक असणार? काल सकाळी तो दारात उभा राहिला तेव्हा शिबिर चालवणाऱ्या सुमनताईंनी, पंखा दुरुस्त करणारा आला असं समजून, त्याला वर बोट करून पंखा दाखवला होता. त्यावरून दिवसभर हशा पिकला. एकीनं विचारलं, तुमच्याकडं बायका मशिनवर जातात वाटतं? ज्ञानदेवही हसला. भोसरीची सुट्टी गुरुवारची, म्हणून शनिवार-रविवारची रजा टाकताना त्यानं कंपनीत गावाकडं काम आहे असं सांगितलं होतं. गोधडी शिकायला जातो म्हटलं असतं तर पोरांनी त्याला जन्मभर सुईदोरा म्हणून हाक मारली असती.

शिकवणारी सरूबाई काळेवाडीची. म्हातारी, दातांनी अर्धी रिकामी, पण डोळा तिखट. काल तिनं प्रत्येकीला चिंध्यांचा एकेक चौकोन दिला होता, हात बसायला म्हणून. ज्ञानदेवचा धावदोरा पट्टीनं आखल्यासारखा सरळ यायचा, पण दोरा तो इतका ताणून ओढायचा की कापडाला चुण्या पडायच्या, आणि सरूबाई त्याच्या मनगटावर चापट मारून म्हणायची, आवळू नको, सोड. सोड... इतक्या वर्षांत त्याला कुणी सोड म्हटलं नव्हतं. मशिनवर सगळं आवळायचंच असतं. संध्याकाळपर्यंत मात्र त्याला ते जमलं, आणि म्हातारीनं त्याचा तुकडा सगळ्या बायकांना फिरवून दाखवला.

आज त्यानं घरची वाकळ आणली होती. इकडं गोधडी म्हणतात. कस्तुरा वाकळच म्हणायची, बहात्तरच्या दुष्काळानंतर ती दोघं बीडकडून इकडं आली तरी तिनं तो शब्द बदलला नाही. तिची दोन लुगडी, त्याच्या आईचं एक, आणि तिन्हींच्या मध्ये त्याच्या जुन्या धोतराचा थर. दोरा मात्र कंपनीचा — मशिन पुसायला रंगीबेरंगी धाग्यांचे गुंते मिळतात, कॉटन वेस्ट, त्यातले स्वच्छ गुंते तो खिशात कोंबून आणायचा, आणि ती भिंतीला टेकून त्यातला एकेक लांब धागा सोडवायची, दोन-तीन धागे मांडीवर वळून एक करायची. वाकळ कडेनं सुरू होते आणि फिरत फिरत आत येते. कडेच्या ओळी कस्तुराच्या चांगल्या दिवसांतल्या, बारीक, एकमेकींना धरून चाललेल्या. मग आत, आत... आणि शेवटच्या चार ओळी वाकड्या. कुठं टाका लांब, कुठं दोन टाके एकमेकांवर चढलेले, कुठं ओळ शेजारच्या ओळीत शिरलेली. पोटातलं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं. कसं आहे विचारलं की ती म्हणायची, बरं आहे. आणि सुई चालू ठेवायची. त्या चार ओळींच्या आत दोन वितींची जागा कोरी राहिली होती.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं संसाराची, गावाची, माणसांची, कशाचीच गोष्ट काढली नाही. एवढंच म्हणाली, "मधलं तेवढं राह्यलं बगा. कुनाकडून तरी घालून घ्या." कुणाकडून तरी... शेजारच्या दोघी लगेच पुढं झाल्या होत्या, द्या की भाऊ, दुपारभराचं काम. ज्ञानदेवनं दिली नाही. तिच्या हाताला लागून दुसऱ्या कुणाचा हात आलेला मला चालणार नाही, हे त्यांना कसं सांगायचं? आला तर माझाच येईल. एवढ्यासाठी तो इथं या बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसला होता, आणि एवढंच त्याला हवं होतं — बाकीची सगळी तिची, मधली तेवढी माझी.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी सुमनताईंनी विचारलं, कुणाची हो ही? तो म्हणाला, घरची. बायको वारली म्हटलं की समोरचा चेहरा लगेच बदलतो, आणि मग त्या चेहऱ्यालाच आपण धीर द्यायचा — तिच्या मागं केलेल्या पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांना तो दिवसभर धीरच देत बसला होता. इथं तो नुसता एक वेडपट लेथवाला होता, आणि ते त्याला बरं वाटत होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याच्या दोन ओळी झाल्या, तिच्या चौथ्या ओळीला लागून, सरळ आणि न आवळलेल्या.

बायकांनी डबे उघडले तसा तो उठला. इथंच बसा की, सुमनताई म्हणाल्या. पण बायका जेवताना मोकळ्या बोलतात, त्यात आपण कशाला, म्हणून तो बाहेर कडुनिंबाखाली गेला. भाकरी खाल्ली. आतून हसण्याचे आवाज येत होते. किती तरी दिवसांनी भाकरीची चव लागली त्याला, आणि चव लागल्याचं वाईटही वाटलं. नळावर त्यानं हात धुतले आणि ओल्या हातानंच आत आला.

चटईच्या कडेला धाग्यांचा एक गुंता पडला होता, हिरवा, मरून, निळा. ज्ञानदेवच्या हातानं तो उचलला — त्यानं नव्हे, हातानंच, रोज मशिनवरून उठताना उचलतो तसा — आणि दोन्ही पंजे, बोटांच्या बेचक्या, मनगट, सगळं पुसलं, आणि चुरगळून टाकणार एवढ्यात त्याला दिसलं की यातले धागे दोन-दोन, तीन-तीन वळून एक केलेले आहेत... वेस्टमधले धागे कुणी वळत नाही.

त्यानं वाकळीकडं पाहिलं.

सरूबाई ब्लेड घेऊन वाकळीवर बसली होती, आणखी दोघी तिच्या मदतीला. लवकर जेवून तिघींनी मिळून काम उरकलं होतं. म्हातारीनं हसून वर पाहिलं, नातवाला खाऊ द्यावा तशी.

"या चार वळी लई वाकड्या गेल्या व्हत्या तुज्या. काढून टाकल्या. कडंच्या घरवालीनं घातल्यात, व्हय ना? कसा बारीक हात हाय तिचा! मग तू बसलास, आन् इथनं वाकडं झालं. पन ह्या दोन बग, कशा सरळ आल्या. आता हात बसलाय तुजा. घरी गेल्यावर दाव तिला, वळकायची न्हाई."

ज्ञानदेवच्या हातातला गुंता ओला झाला होता. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. पण बोलावं तरी काय? या म्हातारीनं चांगलं केलं होतं. तिनं जेवण घाईनं उरकून, या वयात पाठ वाकवून, एका परक्या माणसाची वाकळ नीट केली होती, आणि खरं सांगितलं तर ती हे तोंडात मारल्यासारखं घेऊन काळेवाडीला जाईल आणि रात्रभर झोपणार नाही. शिवाय तिचं चुकलं तरी काय? वाकडं ते शिकाऊचं, सरळ ते बसलेल्या हाताचं — कुणीही असंच वाचलं असतं. हात बसलेला असतो आणि मग दुखण्यात उठतो, हे कुणाच्या डोक्यात येणार. मेली ती एकदा, दवाखान्यात. ते मी पाहिलं. आणि आता ही दुपार... आणि तिच्या धाग्यांनी मी हात पुसले. तो वाकळीशेजारी खाली बसला.

"दावतो," तो म्हणाला.

ओळी गेल्या होत्या, पण भोकं होती. जुनं मऊ लुगडं, त्यावर बारीक भोकांची वाट, वाकडी, तिच्याच चालीची. आणि दोरा निघाल्यावर आता दिसलं, एकेका टाक्याला भोकं दोन-दोन, तीन-तीन होती. तिनं सुई घातली होती, जागा चुकली म्हणून काढली होती, पुन्हा घातली होती. ती सरळच जायला बघत होती. प्रत्येक टाक्याला... आणि मी शेजारीच, शिफ्टवरून येऊन, भिंतीकडं तोंड करून झोपलेला. बरं आहे, बरं आहे. त्यानं बोट फिरवलं, आणि ज्या दुखण्याचं तिनं कधी नाव काढलं नाही, ते बोटाला लागायला लागलं.

"भोकांची काळजी नगं करू," सरूबाई म्हणाली, आणि नखानं कापड घासायला लागली. असं केलं की जुनं कापड लगेच मिटतं, आणि एकदा पाण्यात घातलं की नावाला राहत नाही. तिच्या नखाखाली एक भोक मिटलं, मग दुसरं.

ज्ञानदेवनं तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या, मावशी. भोकं राहू द्या."

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या मुठीतल्या धाग्यांकडं, मग कडेच्या बारीक ओळींकडं. तिनं ब्लेड कागदात गुंडाळलं आणि हात मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिली. सुमनताई पलीकडं सांगत होत्या, शिबिर पाचाला संपणार, ज्यांचं अर्धं राहील त्यांनी घरी पुरं करावं.

त्यानं गुंत्यातला सगळ्यांत लांब धागा काढला, मांडीवर पुसून सुईत ओवला. अंगुस्तान खिशातून काढून अडेल तिथपर्यंत बोटात घातलं. पहिल्या भोकात सुई गेली. दुसरं कुठं आहे ते डोळ्यांना दिसेना, म्हणून त्यानं बोटानं चाचपडून शोधलं; हात सरळ जायला बघत होता, त्याला वाकडं न्यावं लागत होतं, आणि ते अवघड होतं, कालच्या सगळ्या शिकण्यापेक्षा अवघड. जिथं भोकं तीन होती तिथं तोही तीनदा थांबला. चार ओळी होत्या. आतली उरलेली कोरी जागा तशीच समोर होती, आणि सकाळपर्यंत ती कधी एकदा भरते असं झालेल्या ज्ञानदेवला आता तिच्या ओळी संपवून तिथवर पोचायचं नव्हतं.