सांधलेल्या जागेचं नाव

मी जाळीचा एक तुकडा. तळहाताएवढा, पांढरा, पातळ. माझा धागा प्लॅस्टिकचा. मासेमारीच्या जाळ्याचा मी चुलतभाऊच म्हणा.

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर बोंगसिक नावाचा मच्छीमार राहतो. मांदेलीसारख्या बारीक मासळीची जाळी ओढता ओढता त्याला हर्निया झाला. डॉक्टरांनी जांघेत उतरलेलं आतडं आत ढकललं आणि पोटाच्या भिंतीत पडलेल्या फटीवर मला बसवलं. हळूहळू त्याचं मांस माझ्या भोकांतून वाढलं. मी त्याचाच झालो. तो पुन्हा जाळी ओढू लागला.

अशी बरीच वर्षं गेली. मग मला स्वस्थ बसवेना. माझा एक कोपरा दुमडला आणि शेजारच्या मूत्राशयाला घासू लागला. असं फार क्वचित होतं. माझ्याच वाट्याला का आलं, कोण जाणे! घासत घासत मी आत शिरलो. त्याला लघवी करताना आग होई, रक्त येई, ताप भरे. गोळ्यांनी उतरे, पुन्हा चढे.

“आजोबा, पूर्वी कधी ऑपरेशन झालंय?” दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई विचारत.

“नाही.”

तो खोटारडा नव्हता. पण त्याच्या बंदरात जाळ्याच्या सांधलेल्या जागेचं नाव काढत नाहीत. नाव काढलं की तिथूनच फाटतं म्हणे. मी आत तळमळत होतो. अरे बाबा, बोल ना! तुझ्या जिवावर बेतलंय!

एकदा तो तापाने फणफणत असताना त्याची बायको ओकबुन सागरी शेवाळाचं सूप घेऊन दवाखान्यात आली. त्याने तोंड फिरवलं.

“घ्या! जेवणही नको. डॉक्टरीणबाई, एक दिवस ह्यांच्या लघवीत मासळी सापडेल बघा. पोटात जाळं घालून बसलेत ना!”

“ए, गप! नाव काढू नकोस!”

“काढणार! फाटायचं ते फाटलंच आहे.”

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. “कसलं जाळं, आजी?”

मग नळीतून कॅमेरा आत आला आणि मी दिसलो, अंगावर मुतखड्यांची पुटं चढलेला. त्यांनी मला कापून काढलं आणि बरणीत ठेवलं. ताप उतरल्यावर बोंगसिकने मला बघायला मागितलं. बरणीवर बोट ठेवून म्हणाला, “धागा चांगला होता रे तुझा.”

आता मी त्या बरणीत आहे. कोपरा अजून दुमडलेलाच. माझी बहुतेक भावंडं माणसांच्या पोटात जन्मभर मुकाट्याने राबतात. त्यांना भिऊ नका. फक्त डॉक्टरांनी विचारलं, तर आमचं नाव काढा. नाव काढल्याने आम्ही फाटत नाही.