पाय सुधारले की उठते

विशाखाचे पाय जन्मापासून लुळे. तिला अठरावं सरलं आणि अपंग मुलांना मिळणारी सरकारी मदत बंद पडली. मोठ्यांची सुरू करायला ती आजीला घेऊन औरंगपुऱ्यातून रिक्षानं कचेरीत गेली.

तिथला बाबू म्हणाला, "अपंगत्वाचा दाखला लहानपणीचा आहे. आता पाय सुधारले नसतील कशावरून?"

विशाखाच्या डोक्यात असा जाळ उठला, की छताचा पंखा उलटा फिरला म्हणतात. तिनं चाकाची खुर्ची दारातच आडवी लावली. जेवणाच्या सुट्टीला अख्खी कचेरी आत अडकली.

"अगं, सरक की!" बाबू ओरडला.

"पाय सुधारले की उठते, साहेब. बघत बसा."

"आमाला लई घाई नाय," आजी म्हणाली.

बाबूनं अर्ज घेतला. विशाखा तरी हलली नाही. मागं तसाच अर्ज घेऊन अठराचाच सोमनाथ उभा होता, जन्मांध. विशाखानं त्याच्याकडं बोट केलं.

"आता याचे डोळे सुधारलेत का, तेही विचारा!"