कुलमुखत्यार

महारुद्र सही करत नाही, ही गोष्ट नळदुर्गच्या अलीकडच्या त्या वस्तीवर सगळ्यांना माहीत झाली होती. का करत नाही, हे मात्र ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं होतं. बहुतेकांचं म्हणणं एकच. हरणाबाई गेल्यापासून गड्याचं डोकं ठिकाणावर नाही.

हरणाबाई त्याची बायको. पावसाळ्यात तिला कावीळ झाली, सोलापूरच्या दवाखान्यात नेली, आणि तिथून ती जिवंत परत आली नाही. वस्तीवरच्या बायकांच्या शेळीपालन गटाची ती अध्यक्ष होती. हायवेच्या कडेला गटाचं शेड होतं. पैदाशीचे बोकड तिथं, लसीची पेटी तिथं, व्यापाऱ्याला माल दाखवायचा तोही तिथंच. शेड गटाचं, पण खालची दहा गुंठे जमीन हरणाबाईच्या नावावर. शेड मंजूर व्हावं म्हणून महारुद्रानंच ती तिच्या नावावर करून दिली होती. ती गेल्यावर वारस म्हणून त्याचं आणि मुलीचं नाव लागलं. आता त्या जागेचं काहीही करायचं तर बापलेकीच्या सह्या लागत होत्या.

आणि पुण्याच्या एका कंपनीला ती जागा हवी होती.

कंपनीची बोलणी अमरसिंहनं आणली होती. अमरसिंह गटाचा हिशोब बघायचा. धाराशिवला बी.कॉम. झालेला, वागायला चांगला, महारुद्राला मामा म्हणणारा.

"मामा, शेड कंपनी चालवणार. डॉक्टर त्यांचा, खाद्य त्यांचं, माल त्यांच्या गाडीनं हैदराबादला. बायकांना ठरलेला भाव. तुमी फकस्त एक कुळमुखत्यारपत्र द्यायचं."

"ते काय असतंय?"

"सोपं हाय. मुखत्यार म्हणजे कारभार बघणारा. आन् कूळ म्हणजे आपलं कूळ. दुसऱ्याची जमीन कसून खाणारा. कंपनी आपलं कूळ होणार. मालक आपणच."

"न्हाय," महारुद्र म्हणाला.

"का पण?"

"नको वाटतंय."

यापुढं त्याला काही सांगता येत नव्हतं. खरं तेवढंच होतं. सकाळी शेडचं फाटक उघडताना त्याला वाटायचं, उद्या हे फाटक कुणीतरी अनोळखी माणूस उघडेल आणि आपल्याला विचारेल, काय काम आहे. एवढ्यावरून नाही म्हणायचं असतं का? बायकांना ठरलेला भाव मिळतोय, डॉक्टर मिळतोय, आणि आपण आपल्या रडण्यापायी त्यांचं नुकसान करतोय का? हा प्रश्न त्याला जेवताना पडायचा आणि मग भाकरी तशीच राहायची.

शेवटी गटानं सभा बोलावली. शेडपुढच्या लिंबाखाली ताडपत्री अंथरली. शिवकन्या, त्याची मुलगी, सास्तूरहून नवऱ्याच्या मोटारसायकलवर आली. कंपनीचा साहेब गाडीतून उतरला. तरुण होता, शर्ट खोचलेला, हसतमुख. त्यानं येताना एक बोर्ड आणला होता. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'व्यवहारातले शब्द, सोप्या भाषेत.'

"ताई, घाबरायचं काही कारण नाही," साहेब म्हणाला. "कागदावरचे शब्द अवघड दिसतात, पण गोष्टी तुमच्या रोजच्याच आहेत. भांडवल म्हणजे काय? बियाणं. नफा म्हणजे? खळ्यावरची रास. करार म्हणजे दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द."

बायकांना ते आवडलं. माना डोलल्या.

"आन् तोटा म्हंजे?" मागून एकीनं विचारलं.

"तोटा होणारच नाही, ताई."

"आमच्या बोकडांस्नी सांगा ते," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. साहेबही हसला.

मग रुद्रम्मा बोलली. रुद्रम्मा गटात सगळ्यांत म्हातारी. अक्कलकोटकडची, बोलताना मध्येच कानडी यायची. आठवडी बाजारात शेळ्या विकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती महारुद्राला पोरासारखं बोलायची.

"महारुद्रा, लेका, किती दिवस तोंड शिवून बसणार? तुझी बायको गेली, आमची बी अध्यक्ष गेली. तुला एकट्यालाच रडाय येतं व्हय? आमी शेळ्या घिऊन बाजारात उभ्या ऱ्हातो, दुपारपर्यंत गिऱ्हाईक न्हाय. तू म्हणतो नको वाटतंय. काय नको वाटतंय, ते तरी बोल."

महारुद्रानं मान खाली घातली. तिचं काहीच चुकत नव्हतं.

साहेबानं ते बघितलं. तो जवळ येऊन ताडपत्रीवर मांडी घालून बसला. "काका, मला तुमचं दुःख कळतं. आम्ही एक ठरवलंय. शेडला हरणाबाईंचं नाव देणार. हायवेवरून दिसेल असा मोठा बोर्ड. जाणारा येणारा वाचेल."

एकदोघींनी पदर डोळ्याला लावला. महारुद्राला ते नाव हायवेवर दिसलं. मोठ्या अक्षरात, रात्री ट्रकच्या उजेडातसुद्धा दिसणारं. त्यानं हात पुढं केला, साहेबानं कागद पुढ्यात ठेवला आणि अमरसिंहनं त्याच्या हातात पेन दिलं.

"फकस्त एक भ्या हाय," पेन धरून महारुद्र म्हणाला. "साहेब, तुमी नवे हाव. ह्या भागात कूळ म्हणून आलेला परत जात न्हाय. आमचा बाप असाच कूळ होता. वरच्या पाटलाची जमीन कसायचा. कायदा आला, कसणारा मालक झाला. आमचं घर हाय ते त्याच जमिनीत. तवा उद्या तुमी बी म्हणाल, आमी कूळ हाव, आता आमीच मालक. तसं काय होणार न्हाय, एवढं लिहून द्या."

साहेब मोकळेपणानं हसला. त्याला वाटलं, एवढीशी शंका, आत्ता मिटवतो.

"अहो काका, कूळ कुठून आलं? कूळ लागत नाही याला. तुम्ही शब्द चुकीचा ऐकताय. कूळ नाही, कुल. कुलमुखत्यारपत्र. कुळाचा काही संबंधच नाही."

"कूळ न्हाय?" अमरसिंहनं विचारलं. तो खरंच गोंधळला होता. इतके दिवस तो सगळ्यांना कूळच सांगत आला होता आणि साहेबानं एकदाही त्याला अडवलं नव्हतं.

"नाही. कुल."

"मग कुल म्हणजे काय?" महारुद्रानं विचारलं.

साहेबानं बोर्डाकडं बघितलं. बोर्डावर तो शब्द नव्हता. "म्हणजे... एकंदर कारभार बघण्यासाठी. सोयीसाठी असतं ते."

"कुल म्हंजे सगळं," रुद्रम्मा म्हणाली.

सगळ्या तिच्याकडं वळल्या.

"बगताय काय? बाजारात खाटीक येतो, काय म्हणतो? अम्मा, कुल मिला के कितने? म्हंजे करडं, पाठी, बोकड, सगळं मिळून. एकेक नगाचा भाव न्हाय करत मग. दावणीसकट घिऊन जातो." ती थांबली. स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ तिला आत्ता लागला होता. "अय्यय्यो. सगळ्याचा मुखत्यार."

ताडपत्रीवर कुजबुज उठली. महारुद्रानं पेन खाली ठेवलं नाही, पण कागद शिवकन्याकडं सरकवला. "वाच, बाळ. सावकाश."

शिवकन्या बोटानं ओळ धरून वाचू लागली. "सदर मिळकतीची विक्री करणे, गहाण ठेवणे, भाड्याने देणे, खरेदीखत नोंदवून देणे, मोबदला स्वीकारणे, इत्यादी सर्व अधिकार..."

"विक्री?" एक बाई म्हणाली.

"तो नुसता मसुदा असतो," साहेब म्हणाला. "सगळीकडं असंच छापलेलं असतं. आम्ही विकणार थोडीच."

"इकणार न्हाय तर खोडा," महारुद्र म्हणाला.

"खोडता नाही येत. वरच्या ऑफिसचा नमुना आहे."

"वाच पुढं."

"हे कुलमुखत्यारपत्र अपरिवर्तनीय राहील."

"हे बी सांगा साहेब, सोप्या भाषेत."

"म्हणजे कायम. पक्कं. तुमच्याच भल्याचं आहे, उद्या आम्ही मध्येच सोडून जाऊ नये म्हणून."

शिवकन्यानं कागदावरून डोळे वर करून बापाकडं बघितलं. "दादा, अपरिवर्तनीय म्हणजे आपल्याला परत घेता येत न्हाय. त्यांनी सोडून जाऊ नये असं ह्यात कुठंच न्हाय. आपण काढून घेऊ नये, एवढंच हाय."

महारुद्राच्या छातीत इतके दिवस जे नुसतं 'नको वाटतंय' होतं, त्याला आता तोंड फुटलं. बरं वाटलं असं नाही. राग आला. हरणाबाई गेल्यानंतर पहिल्यांदा त्याला कुणाचा तरी राग आला आणि तो राग नीट जाग्यावर होता.

"तुमी बोर्ड आणला," तो म्हणाला. "बियाणं, रास, शब्द. गोड सांगितलं. ज्या शब्दांनी आमचं काय जात न्हाय, ते सगळे शब्द सोपे केले. ज्यानं जमीन जाती, तो एकच बोर्डावर घेतला न्हाय. त्यो पोरगा कूळ कूळ करत वस्तीभर फिरला, तुमी ऐकत बसला."

"काका, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. हा प्रकल्प हरणाबाईंचं स्वप्न होता. त्या असत्या तर..."

"असती तर तिनं सही केली बी असती," महारुद्र म्हणाला. "तिचा माणसांवर लवकर इश्वास बसायचा. म्या 'न्हाय' तिच्या नावानं म्हणत न्हाय. म्या माझ्या नावानं म्हणतोय. आन् तुमी तिचं नाव घिऊ नका. बोर्डावर बी नको, तोंडात बी नको."



"मग आमचा डॉक्टर? आमचा भाव?" रुद्रम्मानं विचारलं. तिच्या आवाजात आता टोमणा नव्हता, काळजी होती.

"करार करू की," महारुद्र साहेबाला म्हणाला. "शेड भाड्यानं घ्या. वर्सभर चालवा. जमलं तर पुढं. जमीन आमच्या नावावर, चावी गटाकडं. डॉक्टर आना, भाव द्या. म्या आत्ता सही करतो. हाय कबूल?"

साहेबानं नकारार्थी मान हलवली. "कंपनी एवढा पैसा घालणार, तर तिला जागेवर पूर्ण अधिकार हवाच. आम्हाला दुसरी गावं आहेत, काका. मग हे शेड असंच राहील. पडून."

"ऱ्हाऊ द्या. पडल्यालं बी आमचंच ऱ्हाईल."

"शेवटचं विचारतो."

"शेवटचा कागद वाचायचा ऱ्हायलाय," महारुद्र म्हणाला. "वाच, बाळ."

शिवकन्यानं पान उलटलं. "वरील मजकूर मी वाचून, समजून घेऊन, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता..."

"हे बराबर लिहिलंय," महारुद्र म्हणाला. "वाचून घेतलं. समजून घेतलं. अक्कलहुशारीनं सांगतो, सही करत न्हाय. पोरगी करणार असंल तर तिला इचारा."

"म्याबी न्हाय," शिवकन्या म्हणाली.

साहेबानं कागद गोळा केले. बोर्ड काखेत घातला. जाताना अमरसिंहला म्हणाला, "तुमच्या लोकांना प्रगती नकोय." गाडी हायवेला लागली. अमरसिंह तिथंच उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता.

"मामा, म्या मुद्दाम न्हाय केलं."

"ठाऊक हाय."

"पण आता गटाचं काय? फेब्रुवारीत खाद्य संपतंय. गाडी न्हाय. व्यापारी म्हणंल तो भाव."

"ते हायच," महारुद्र म्हणाला. "ते काय आज मिटलं न्हाय."

बायकाही एकमेकींकडं बघत होत्या. जिंकल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "भाऊ, पुढच्या बाजारात भाव पडला तर म्या तुमच्या नावानं बोटं मोडणार." महारुद्र म्हणाला, "मोड. शेडात येऊन मोड. फाटक उघडंच असतंय."

रुद्रम्मा खो खो हसली. "भाव पडाय म्या काय मेलीय व्हय? माझ्यासंगट या बाजारात. तोंडं उघडाय शिका आदी."

अमरसिंहनं गटाची प्रोसिडिंगची वही उघडली आणि तारीख टाकली. सभेत विषय आला की त्याचा ठराव लिहावा लागतो, मंजूर असो की नसो. त्यानं लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "जागेचे कुलमुखत्यारपत्र देण्याचा विषय सभेपुढे आला. चर्चेअंती सदर विषय नामंजूर..."

"नामंजूर म्हंजे?" मागच्या त्याच बाईनं विचारलं.

"म्हणजे न्हाय."

"मग न्हाय लिही," महारुद्र म्हणाला.

"मामा, प्रोसिडिंगमध्ये 'न्हाय' असं कुणी लिहीत न्हाय. तपासणीला गेलं की साहेब लोक हसतात."

"हसू दे. पण वाचून दाखवलं की हितल्या बाईला कुणाला इचारावं लागू नये. खोड ते."

अमरसिंहनं पेन उचललं. 'नामंजूर' वर आडवी रेघ मारली आणि पुढं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'न्हाय.' वही रुद्रम्मापुढं ठेवली. तिनं अंगठ्याला शाई लावली, तो त्या शब्दाखाली जोरात दाबला, आणि वही पुढच्या बाईकडं सरकवली.