लाल दोऱ्याची ज्वारी

एकशे अडुसष्टवरून एकशे बेचाळीस. आठ आठवड्यांत एवढं खाली कुणाचंच आलं नव्हतं. दंडाचा पट्टा सोडता सोडता नर्स रेणुकाने टाळीच वाजवली.

"मावशी, झरीत तुमीच पहिल्या!"

रुख्मिणीबाई हसल्या नाहीत. नक्कल करून पास झालेल्या पोरीसारखं त्यांचं तोंड झालं होतं.

झरी गावातल्या बावीस घरांना ज्वारीची पोती मिळत, काहींची तोंडं लाल दोऱ्याने शिवलेली, काहींची पांढऱ्या. काही पोत्यांत जनुक बदललेली ज्वारी होती. तिच्या भाकरीने रक्तदाब उतरतो का, ते पाहायचं होतं. बाकीच्यांत साधीच. लाल दोऱ्याची नवी की पांढऱ्याची, हे रेणुकालाही सांगितलेलं नव्हतं. गोळी चालू ठेवायची आणि आपल्याच पोत्याची भाकरी खायची, एवढाच नेम. सगळ्यांनी माना डोलावून सह्या केल्या होत्या.

पण उसनं पीठ गावातल्या गल्ल्यांत कुणी हिशेबात धरतच नव्हतं. रुख्मिणीबाई आणि शेजारच्या अंबिकाबाई चार महिने बोलत नव्हत्या, तेव्हाही पिठाची वाटी भिंतीवरून जात-येत होती. सपाट नेलेली वाटी शिगोशीग परत करायची, हा मान. रुख्मिणीबाईंचा दोरा लाल, अंबिकाबाईंचा पांढरा. आणि रुख्मिणीबाईंकडे पाहुणे फार.

रेणुका वहीत आकडा मांडत होती, तोवर रुख्मिणीबाईंचे नवरे किशनराव मास्तर त्यांच्या कानाशी आले. "गप ऱ्हा. खाली आलंय ना?"

"कशानं आलं, आवं? आपल्या पोत्यानं, अंबिकाच्या, का गोळीनं?"

"तुला काय करायचंय?"

"आबोली एकतीसची हाय आन् तिला आत्ताच गोळी लागली. लेकीला ही ज्वारी खा म्हणायचं का न्हाई, ते मला खरं कळाया पाहिजे."

किशनरावांनी पानाचा डबा जवळ ओढला. त्यांच्यापुरती चर्चा संपली.

"रेणुकाबाई, तो आकडा खोडा," रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि वाट्यांचं सगळं सांगून टाकलं.

रेणुकाचा चेहरा उतरला. "किती वाट्या?"

"मोजून कोण देतंय? हप्त्याला चार तरी."

"मग तुमचं नाव कमी होतंय, मावशी. अंबिकाकाकूंचंबी."

"होऊ द्या. पुन्हा पहिल्यापासून घ्या."

"पोती पाठवणारे साहेब आधी विचारतील, बाकीच्या वीस घरांचं काय?"

रुख्मिणीबाईंनी चपला घातल्या. पहिलं दार अंबिकाबाईंचं.

"काय बोलायलीस! मास्तरांच्या घरचं असं चारचौघांत—"

"मास्तरांनी भाकर खाल्ली. पीठ तू दिलंस. चल."

दुपारपर्यंत सतरा घरांनी कबूल केलं. पाच जणींनी आपण वाटीला हातही लावला नसल्याची शपथ घेतली; त्यांतल्या तिघींची घरं एकमेकांना लागून होती.

रेणुकाने साहेबांना फोन लावला. मग झरीची सगळी नोंद बाद झाली.

"त्यांना म्हणा, एका अख्ख्या गल्लीला लाल दोरा द्या, दुसरीला पांढरा," रुख्मिणीबाई फोनच्या दिशेने ओरडल्या. "मंग फिरू द्या किती वाट्या फिरत्यात त्या!"

साहेबांनी हे दोनदा सांगायला लावलं, आणि मान्य केलं.

आधीचा परिणाम उतरावा म्हणून महिनाभर सगळ्यांनी घरचीच ज्वारी खाल्ली. मग रेणुका पुन्हा पट्टा घेऊन आली. एकशे एकसष्ट.

"बघ, होतं ते घालवलंस," किशनराव म्हणाले.

"लिहा," रुख्मिणीबाई रेणुकाला म्हणाल्या. "एकशे एकसष्ट. आन् पुढच्या शनवारी नवी पोती घेऊन सकाळीच या."