अर्धा पीळ

लीलाबाईंनी लेकीच्या स्कार्फसाठी विणलेल्या लोकरीच्या पट्टीची दोन टोकं चौथ्यांदा जोडली आणि चौथ्यांदा सरळच जोडली, तेव्हा चारुताने व्हिडिओ दाखवायला हातात धरलेला मोबाईल आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

"आई, अर्धा पीळ! एक टोक उलटं करायचं आणि मग जोडायचं. इतकंच. पाचवीतल्या पोराला कळेल."

"पाचवीतल्या पोरांकच शिकवलंय गो तीस वर्सां," लीलाबाई म्हणाल्या. आचऱ्याच्या शाळेतून त्या निवृत्त झाल्या, पण क्रोशाची सुई काही सुटली नव्हती. "पीळ पडलो तर लोक म्हणतले, मास्तरणीक धड जोडूक येणा नाय."

"मी पुण्यात घालणार, तिथे कोण म्हणणार आहे?"

"शर्मिला म्हणतली."

शर्मिला शेजारची. लीलाबाईंनी गावातल्या ज्या बायकांना क्रोशे शिकवलं, त्यांतली सगळ्यात तरबेज. गोल जोडण्याआधी पीळ काढायचा, हा लीलाबाईंचा पहिला धडा. घराघरांतली तोरणं आणि टीव्हीवरचे रुमाल त्या धड्याबरहुकूम सरळ बसलेले होते.

चारुताने पुन्हा समजावलं. अशा पिळामुळे स्कार्फला उलट-सुलट बाजूच राहत नाही. बोट फिरवत गेलं की आतली बाजू आपसूक बाहेरची होते. यावर तिने बरंच वाचलं होतं, त्यामुळे समजावणं लांबलं.

"आत नाय, भायर नाय, अशी वस्तू आसता खंय?" लीलाबाईंनी विचारलं. "ताटातल्या बांगड्याक सुद्धा पाठ-पोट आसता."

"राहू दे. मी ऑनलाइन मागवते," म्हणून चारुता पुस्तक घेऊन आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढीपत्ता तोडायला परसात गेलेल्या लीलाबाई झाडाखालीच कोसळल्या. मालवणला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौदाव्या दिवशी शर्मिला पिशवी घेऊन आली. "माणसांच्या गर्दीत खंय तरी हरवात म्हणान तुझ्या आईचा काम मी घरी नेललंय. पुरा केलंय बघ."

पिशवीत तो स्कार्फ होता. जोड शोधूनही सापडू नये इतका सुबक, आणि सरळ.

"पिनी लावन ठेवल्यान होती तिना," शर्मिला सांगत होती. "पण पीळ पडललो गो! शेवटाक दिसणा नसात तिका. मी पिनी काढलंय, पीळ काढलंय आणि घट्ट जोडून टाकलंय. आता कोण नाव ठेवचो नाय."

चारुताने जोडावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "किती होता पीळ, काकी?"

"अर्धोच. पण अर्धो झालो तरी पीळच मा? तिनाच शिकवल्यान माका."

म्हणजे त्या संध्याकाळी, चारुता आत रुसून वाचत बसलेली असताना, आईने आयुष्यभराचा नियम मोडून ते टोक उलटवलं होतं. आणि तिच्याच पट्टशिष्येने तिची चूक पोटात घालून ती दुरुस्त केली होती. चारुताने चहा विचारला. शर्मिलाने तो पिऊन, दोन वेळा डोळे पुसून, निरोप घेतला.

ती फाटकाबाहेर पडताच चारुता कात्री घेऊन पडवीत बसली. जोड उसवायचा, टोक उलटवायचं, पुन्हा शिवायचं. सोपं होतं. तिने एक धागा कापला, ओढला. तो सरसर आला. फारच सरसर आला. तो जोडाचा नव्हता, पट्टीचा होता. आईच्या हातच्या दोन ओळी उसवून नागमोडी लोकर होऊन तिच्या मांडीवर पडल्या.

तिने घाईघाईने सुई घेतली, मोबाईलवर तो व्हिडिओ लावला. पहिला टाका निसटला. दुसरा इतका घट्ट बसला की सुईच आत जाईना. व्हिडिओतली बाई हसतमुखाने पुढच्या ओळीवर गेली. चारुताने तिचं तोंड बंद केलं.

आठवीत असताना एकदा आईने तिच्या हातात सुई दिली होती. तासाभराने जे काही तयार झालं ते चारुताने आईला न दाखवता माडाच्या आळ्यात पुरलं. त्यानंतर शिकायचा विषय निघाला की ती पुस्तक उघडायची आणि म्हणायची, मला वेळ नाही. सव्वीस वर्षं हेच उत्तर चाललं.

"माका वेळ होतो गो आई," रिकाम्या पडवीत ती मोठ्याने म्हणाली. "माका जमणा नाय होता. तुझ्यासारख्या जमाचा नाय, म्हणान मी शिकाक नाय."