कासवाची टाकी

कवचाचा तुटलेला तुकडा नखाएवढा होता, एका कडेला अजून ओलसर, गुलाबी... दामिनीनं तो फरशीवरून उचलून तळहातावर घेतला, तेव्हा क्षणभर तिला वाटलं, हा आपल्याच अंगाचा.

काल सिद्धरामची लाथ आधी टबाला बसली आणि मग तिला. डाळ मिलची मोटर जळाली होती, तो तापूनच घरी आला होता, आणि टब वाटेत होता, एवढंच. कासव भिंतीवर आपटून उताणं पडलं. ते हवेत पाय मारत राहिलं आणि ती शेजारीच पडून ते पाय पाहत राहिली — उठून त्याला सुलटं करायचंही सुचलं नाही.

हे कासव त्यानंच आणलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा हात उचलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, गंजगोलाईच्या बाजारातून, प्लॅस्टिकच्या डबीत. रुपयाएवढं, कानाजवळ लाल पट्टी. माफी तोंडानं मागता येत नाही काही पुरुषांना, असं तेव्हा तिला वाटलं होतं, आणि ती हसली होती... कासव तळहाताएवढं झालं, टब तोच राहिला.

आज सकाळी ती एकटीच ऑटोनं जाऊन काचेची मोठी टाकी घेऊन आली. ती तिनं बैठकीत, खिडकीखालच्या टेबलावर मांडली. तळ नुसता ठेवला, खडे घातले तर कासव ते गिळतं, असं दुकानदार म्हणाला होता. त्याला नीट पोहता येईल इतकं पाणी, ते गाळणारं यंत्र, एका बाजूला पाण्याबाहेर येऊन कोरडं बसायला विटांचा चौथरा, वर उबेचा दिवा. चौथऱ्यावर ठेवायला एक चपटा दगडही धुऊन घेतला. आधी कवचाची जखम सुकू द्यायची होती, म्हणून कासव तेवढं कोरड्या फडक्यावर, टोपलीत होतं.

सासू, उमाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. "परसात ठेव की गं. त्याला दिसलं तर पुन्हा पेटंल."

"इथंच राहील, आत्याबाई."

म्हाताऱ्या बाई आत वळल्या. त्या कधीच काही विचारत नसत. आत भांडी आपटण्याचा आवाज आला की देवघरात जाऊन बसत.

दुपारी सिद्धराम जेवायला आला, तेव्हा ती तो दगड पुन्हा एकदा धुऊन चौथऱ्यावर ठेवतच होती. तो चपला काढता काढता थांबला.

"हे काय हाय?"

"टाकी. कासवाची."

"उचल. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई."

आपल्याच तोंडातून हा शब्द इतका सपाट निघाला याचं तिला नवल वाटत होतं, तेवढ्यात त्याचा हात वर गेला — आणि तिचाही. तिच्या मुठीत तो ओला दगड होता. त्याच्या कपाळावरची शीर तिला दिसली, बरोबर कुठं मारायचं ते दिसलं, कातडी फाटेल, हाड वाजेल, तो उताणा पडेल, पाय हलवील... आणि मी बघत उभी राहीन. उभी!

तिचं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. उमाबाई. लेकाचा हात आजवर एकदाही न धरलेल्या उमाबाई. त्यांच्या बोटांत एवढी ताकद असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सिद्धराम दोघींकडं पाहत मागं सरकला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते दामिनीनं आजवर फक्त आरशात पाहिलं होतं. तो न जेवताच निघून गेला. मोटारसायकल दोनदा बंद पडून मग चालू झाली.

"मारलं असतंस गं," उमाबाई म्हणाल्या. त्यांनी तिचं मनगट सोडलं.

"हाव, मारलं असतं."

तिनं दगड जागेवर ठेवला, दिवा लावला, पाणी बोटानं चाचपलं. हात स्थिर होता. तो संध्याकाळी परत येईल. एरवी या विचारानं पोटात गोळा उठायचा. तिनं तो शोधून पाहिला, सापडला नाही. त्या जागी दुसरंच काहीतरी होतं, ऊबदार, भुकेसारखं — आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण त्याची वाट पाहतो आहोत, आणि अंगावर सर्रकन काटा आला.